वेळापत्रकात कंत्राटातील बदल आणि विलंब दिसत नाहीत, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते

काम लांबले आहे हे सर्वांना ठाऊक असते, का लांबले हेही साइटवरच्या मुकादमापासून उपअभियंत्यापर्यंत प्रत्येकाला तोंडपाठ असते, पण मुदतवाढीच्या प्रस्तावासोबत जोडलेल्या बारचार्टमध्ये, म्हणजे कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या वेळापत्रकात, त्यातले काहीच सापडत नाही. मग बांधकाम विभागाच्या कार्यालयातून प्रस्ताव ‘विलंबाची कारणे वेळापत्रकात स्पष्ट करावीत’ अशा शेऱ्यासह परत येतो, ठेकेदार नवा बारचार्ट करून देतो, तोही परत येतो, आणि मधल्या काळात चालू देयकातून दंडापोटी रक्कम रोखून ठेवली जाते. लातूर, बीड आणि धाराशिव भागांतील लहान-मध्यम ठेकेदारांची वेळापत्रके मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. ही अडचण दर पावसाळ्यानंतर हमखास समोर येते आणि तिचे मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघते. बदल किंवा विलंब वेळापत्रकात स्वतंत्र काम म्हणून कधी आलेलाच नसतो. तो जुन्या कामांच्या पोटात मुरलेला असतो.

फाइल उघडल्यावर काय दिसते

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ताणलेला बार. पायाचे खोदकाम मूळ कार्यक्रमात १२ दिवसांचे होते. नकाशा बदलून येईपर्यंत काम थांबले, म्हणून कोणीतरी त्याच ओळीत १२ च्या जागी ५६ लिहिले. शेवटची तारीख पुढे गेली, गणितही बरोबर आले, पण कागद वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की ठेकेदाराला १२ दिवसांचे खोदकाम करायला ५६ दिवस लागले. स्वतःविरुद्ध इतका ठळक पुरावा ठेकेदार स्वतःच्या सहीने देतो, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

दुसरा प्रकार याच्या उलट असतो. विलंब भरला तरी शेवटची तारीख जागची हलत नाही, कारण ‘काम पूर्ण’ या शेवटच्या टप्प्यावर करारातील तारीख खिळ्याने ठोकल्यासारखी बसवलेली असते. तिसऱ्या प्रकारात जादा बाबी यादीच्या तळाशी ‘अतिरिक्त कामे’ या शीर्षकाखाली नीट मांडलेल्या दिसतात, पण त्यांच्या मागे-पुढे कोणतीही लिंक, म्हणजे कोणत्या कामानंतर कोणते हा दुवा, नसते, त्यामुळे त्या कितीही लांबल्या तरी बाकीच्या कामांना त्याची खबरही लागत नाही. आणि चौथा, सर्वांत महागात पडणारा प्रकार असा की सुधारित कार्यक्रम मंजूर झाला म्हणून जुन्या बेसलाइनवरच (तुलनेसाठी फाइलमध्ये साठवलेल्या मंजूर तारखांवरच) नवी बेसलाइन साठवली जाते. त्या एका क्लिकनंतर मूळ कार्यक्रम काय होता हे दाखवणारे फाइलमध्ये काही उरत नाही.

या चारही प्रकारांमागे मला एकच समज दिसते: बारचार्ट म्हणजे कार्यालयाला द्यायचे एक चित्र. चित्र नव्याने काढले की जुने टाकून द्यायचे, असे मग साहजिकच वाटते. वेळापत्रक ही खरे तर मोजमाप पुस्तिकेसारखी, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायच्या वहीसारखी, नोंद आहे. मोजमाप पुस्तिकेत चुकलेला आकडा आपण खोडून वर गिरवत नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितो आणि सही करतो, म्हणजे जुनाही वाचता येतो. वेळापत्रकालाही हीच शिस्त लागते.

एका लहान पुलाचे गणित

समजा, जिल्हा मार्गावरील नाल्यावर तीन गाळ्यांचा पूल आहे. कार्यारंभ आदेश १ नोव्हेंबरचा आहे आणि मुदत ‘१२ महिने, पावसाळ्यासह’, म्हणजे पुढच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आहे. पुढील सर्व दिवस सुट्या न वगळता मोजलेले आहेत. नाल्याच्या पात्रातील खोदकाम, पाया, खांब आणि सेंटरिंगवर (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्यावर) टाकायचे स्लॅब ही कामे १० जून ते ३० सप्टेंबर या काळात करता येणार नाहीत, असे वेळापत्रकाच्या कॅलेंडरमध्येच बसवले आहे. तिसऱ्या गाळ्याचा स्लॅब २५ मे रोजी पूर्ण व्हायचा आहे. त्यानंतर सेंटरिंग काढणे, कठडे, ॲप्रोच स्लॅब वगैरे ४५ दिवसांची कामे आहेत, आणि डांबरीकरण पाऊस संपल्यावर १० ते २४ ऑक्टोबर असे १५ दिवसांचे ठेवले आहे. म्हणजे करारातील तारखेआधी आठवडाभर काम संपते.

दुसऱ्या खांबाचे खोदकाम ६ जानेवारीला नकाशातील तळपातळीला पोहोचले, पण तिथे अपेक्षित खडक लागला नाही, मऊ मुरूमच निघत राहिला. ७ जानेवारीला ठेकेदाराने पत्र दिले, आणि खोल पायाचा सुधारित नकाशा १० फेब्रुवारीला हाती आला. ही ३५ दिवसांची प्रतीक्षा झाली. त्यानंतर वाढीव खोदाईला ५ आणि वाढीव काँक्रीटला ४ असे ९ दिवस लागले. ७ जानेवारीला सुरू व्हायचे पायाचे मूळ काँक्रीट २० फेब्रुवारीला सुरू झाले, म्हणजे ४४ दिवस सरकले.

आता प्रश्न असा की मुदतवाढ किती दिवसांची मागायची? ठेकेदाराच्या माणसाने ४४ म्हटले. त्यात भर म्हणून, ॲप्रोचच्या, म्हणजे पुलाकडे येणाऱ्या रस्त्याच्या, भरावात आडवा येणारा विजेचा खांब १ मार्च ते २९ एप्रिल हलवला गेला नाही, त्याचे ६० दिवस मिळवून त्याने १०४ दिवसांची मागणी तयार केली. कार्यालयाने ती साफ फेटाळली. मागणी खोटी नव्हती, पण बेरजेचा प्रकार चुकीचा होता, आणि बेरीज चुकली की त्यातला खरा भागही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

वेळापत्रकाला विचारले तर ते वेगळे उत्तर देते. दुसऱ्या खांबाला १८ दिवसांचा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता उशीर करण्याची सवड, होता, कारण त्या सुमारास सेंटरिंगचा एकमेव संच पहिल्या गाळ्याखाली अडकलेला असणार होता. म्हणून ४४ पैकी २६ दिवसच पुढे सरकले. तिसरा स्लॅब २५ मेऐवजी २० जूनला संपायला हवा होता, पण ९ जूनला नाल्यातील काम बंद होते, आणि उरलेले ११ दिवसांचे काम थेट १ ऑक्टोबरला सुरू होऊन ११ ऑक्टोबरला संपते. पुढची ४५ दिवसांची कामे २५ नोव्हेंबरपर्यंत जातात आणि डांबरीकरण १० डिसेंबरला पूर्ण होते. करारातील तारखेपलीकडे ४० दिवस. विजेच्या खांबाचे काय झाले? भराव १५ मार्चला सुरू होणार होता तो ३० एप्रिलला सुरू झाला, ४६ दिवस सरकला, पण भराव पावसाळ्याआधी उरकण्यासाठी त्याच्याकडे ५७ दिवसांची सवड होती. त्यामुळे त्या खांबाने शेवटच्या तारखेला धक्काही लावला नाही. त्याची नोंद वेळापत्रकात हवीच, परंतु तिच्यासमोर परिणाम शून्य असेच लिहायला हवे.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. हे गणित फेब्रुवारीतच मांडले असते, तर तिसरा स्लॅब पावसाळ्याच्या कचाट्यात अवघ्या ११ दिवसांसाठी सापडणार आहे हे तेव्हाच दिसले असते. सेंटरिंगचा दुसरा संच भाड्याने आणून, त्याचा खर्च कोणी सोसायचा हे लेखी विचारून, पूल त्याच उन्हाळ्यात उभा राहू शकला असता. विलंब वेळापत्रकात वेळेवर दाखवणे हे केवळ दंड टाळण्यासाठी असते अशी एक धारणा आहे, ती मला मान्य नाही. नाल्याला पूर आला की पलीकडच्या वस्तीची शाळकरी मुले अलीकडेच अडकतात, आणि ते अकरा दिवस त्यांच्यासाठी अख्ख्या पावसाळ्याएवढे असतात.

बदल वेळापत्रकात कसा घालावा

पहिली अट अशी की कोणत्याही मूळ कामाचा कालावधी बदलायचा नाही. खोदकाम १२ दिवसांचे होते, ते १२ दिवसांत झाले, त्याची प्रत्यक्ष समाप्ती ६ जानेवारी म्हणून भरायची आणि ती ओळ तिथेच संपली. त्यानंतर फाइलची प्रत करायची, तिच्या नावात ‘०६ जानेवारीअखेर, बदल क्र. १ पूर्वी’ असे स्पष्ट लिहायचे, आणि त्या प्रतीला यापुढे हात लावायचा नाही. बदलाचा परिणाम मोजायचा तो याच प्रतीवरून तयार केलेल्या दुसऱ्या प्रतीत. घटना घडण्याच्या आदल्या दिवशी काम कुठे होते हे त्या फाइलमध्ये असल्यामुळे, डेटा डेट म्हणजे स्थिती दिनांक (ज्या दिवसापर्यंतची प्रगती भरली आहे तो दिवस) नेमका त्याच दिवसाचा ठेवणे आवश्यक आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या मूळ कार्यक्रमात जानेवारीचा बदल घातला, तर मधल्या काळात झालेली प्रगती किंवा झालेली ढिलाई दोन्ही हिशेबातून निसटतात.

मग नवीन ओळी घालायच्या. आपल्या पुलाच्या बाबतीत त्या चार असतील: खडक न लागल्याचे पत्र (७ जानेवारी, शून्य कालावधीचा टप्पा), सुधारित नकाशाची प्रतीक्षा (३५ दिवस), वाढीव खोदाई (५ दिवस) आणि वाढीव काँक्रीट (४ दिवस). पहिली ओळ मूळ खोदकामाला जोडायची, शेवटची ओळ पायाच्या मूळ काँक्रीटला. दोन्ही टोके जोडलेली नसतील तर ती ओळ म्हणजे नुसती शोभा. प्रत्येक ओळीच्या नावात बदलाचा क्रमांक, टिपणीच्या रकान्यात पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, आणि एका वेगळ्या रकान्यात जबाबदारीचा संकेत लिहायचा: विभागाकडील, ठेकेदाराकडील किंवा दोघांच्याही हाताबाहेरील. या संकेतावर गाळणी (फिल्टर) लावली की कार्यकारी अभियंत्यांसमोर दोन मिनिटांत फक्त विभागाकडील विलंबांचे पान ठेवता येते. प्रस्ताव हलतो तो अशा एका पानामुळे. चाळीस पानांचा रंगीत बारचार्ट कोणी उलगडून पाहत नाही.

विलंब दाखवण्यासाठी दोन कामांमधल्या लिंकवर ३५ दिवसांचा लॅग, म्हणजे नुसते अंतर, टाकण्याची सवय काहींना असते. गणिताला ते चालते, पण लॅगला नाव नसते, क्रमांक नसतो आणि छापील प्रतीत तो दिसतही नाही. तो टाळावा.

प्रतीक्षेच्या ओळीला कोणते कॅलेंडर लावले आहे ते पाहावे. ती चुकून आठवड्याचे सहा दिवस मोजणाऱ्या कॅलेंडरवर राहिली, तर रविवार वगळून ३५ दिवस धरले जातात आणि समाप्ती १० फेब्रुवारीऐवजी आणखी पाच-सहा दिवस पुढे सरकते. पत्राच्या उत्तराची वाट रविवारीही पाहिलीच जाते, म्हणून ही ओळ सातही दिवसांच्या कॅलेंडरवर हवी.

घटना घडत असताना प्रतीक्षा किती दिवस चालेल हे कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी रकाना रिकामा ठेवू नये. पत्रव्यवहारात विभागाने दिलेली अपेक्षित तारीख घ्यावी, ती नसेल तर १५ दिवस असा अंदाज घालावा, आणि दर महिन्याच्या अद्ययावतीकरणात तो सुधारत जावा. प्रत्येक महिन्याची प्रत जपून ठेवली, तर १५ चे २५ आणि २५ चे ३५ कसे होत गेले हे आपोआप नोंदले जाते. बदल एकापेक्षा अधिक असतील, तर ते घडले त्या क्रमाने एकेक घालावेत, प्रत्येक वेळी गणना करून शेवटची तारीख किती हलली ते लिहून ठेवावे, आणि मगच पुढचा घालावा. सगळे एकदम घातले की एकच दिवस दोनदा मोजला जातो, आणि वर सांगितलेल्या १०४ दिवसांसारखा आकडा तयार होतो.

तोंडी सूचनांबद्दल वेगळे लिहावे लागते. साहेब साइटवर आले, भिंत दीड मीटर लांबवायला सांगून गेले, मुकादमाने त्याच दिवशी काम सुरू केले, असे रोज घडते. साइट ऑर्डर बुकात ती सूचना त्याच दिवशी लिहून घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर ‘आपण दिनांक अमुक रोजी दिलेल्या सूचनेनुसार काम सुरू केले आहे’ असे दोन ओळींचे पत्र संध्याकाळच्या आत द्यावे. वेळापत्रकातील ओळ त्या पत्राच्या तारखेवर उभी राहते. पत्र नसेल तर ओळ हवेत राहते.

तीस दिवस आणि प्रमाणाचा हिशेब

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या निविदेत मुदतवाढीचे कलम ६ आहे, आणि त्यानुसार अडथळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, पण मूळ मुदत संपण्यापूर्वी, लेखी अर्ज करणे अपेक्षित असते. आपल्या पुलावर अडथळा ७ जानेवारीला सुरू झाला, म्हणजे हे ३० दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच संपतात. नकाशा तर १० फेब्रुवारीला आला. ‘नकाशा हातात आल्यावर एकदम सगळे लिहू’ असे म्हणणाऱ्याचे ३० दिवस नकाशा येण्याआधीच उलटून गेलेले असतात. त्यामुळे पहिला अर्ज प्रतीक्षा चालू असतानाच, अंदाजाच्या दिवसांसह, वेळापत्रकाच्या त्या दिवशीच्या प्रतीसोबत द्यावा आणि अंतिम आकडा नंतर कळवू असे त्यात लिहावे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५५ चा रोखही असाच आहे: ठरल्या वेळी न झालेली गोष्ट उशिरा स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवला नसेल, तर ती नंतर मागता येत नाही.

त्याच निविदेतील कलम १४ जादा व बदललेल्या कामांचे आहे, आणि त्यात वाढीव खर्चाचे मूळ खर्चाशी जे प्रमाण असेल त्या प्रमाणात मुदत वाढवण्याची तरतूद असते. इथे मोठी गफलत होते. आपल्या पुलाच्या खोल पायाचा खर्च मूळ रकमेच्या ३ टक्के धरला, तर १२ महिन्यांचे ३ टक्के म्हणजे ११ दिवस, आणि कार्यालय ११ दिवसांची मुदतवाढ देऊन मोकळे होते. ते ११ दिवस वाढीव कामाचे आहेत. नकाशाची ३५ दिवसांची प्रतीक्षा हे वाढीव काम नव्हते, तो अडथळा होता, आणि त्याची मागणी कलम ६ खाली स्वतंत्रपणे करायला हवी होती. वेळापत्रकात प्रतीक्षा आणि वाढीव काम या दोन वेगळ्या ओळी का हव्यात, याचे याहून स्पष्ट कारण मला सांगता येणार नाही. दोन्ही एका ओळीत घातल्या की त्या एका कलमाखाली जातात, आणि जास्त दिवस देणारे कलम बहुधा मागे राहते. प्रत्येक निविदेचे शब्द थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या करारातील ही कलमे स्वतः वाचून घ्यावीत.

निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वाढलेल्या बाबींच्या दराचा प्रश्न कलम ३८ खाली येतो. तो पैशांचा विषय आहे. वेळापत्रकात त्या वाढीची ओळ स्वतंत्र ठेवली म्हणजे पुरे.

पाऊस आणि काळी माती

मुदत ‘पावसाळ्यासह’ असेल, तर नेहमीच्या पावसासाठी मुदतवाढ मागता येत नाही, आणि मागूही नये. पण विभागाकडील विलंबामुळे उन्हाळ्यातले काम पावसाळ्यात ढकलले गेले असेल, तर पुलाच्या उदाहरणाप्रमाणे तो परिणाम कॅलेंडरमधून आपोआप निघतो. मात्र हे कॅलेंडर पहिल्या मंजूर कार्यक्रमातच असायला हवे. विलंब झाल्यावर नंतर घातले, तर ते सोयीसाठी घातल्यासारखे दिसते आणि वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

अतिवृष्टीचा प्रश्न निराळा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे झाले, तशा वेळी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद जोडावी. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा निकष शासनाच्या पंचनाम्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे. पण पाऊस पडलेला दिवस आणि काम थांबलेले दिवस एक नसतात. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाऊस थांबल्यावरही वापसा येईपर्यंत रोलर घालता येत नाही, टिप्पर भरावावर चढत नाही. म्हणून ओळीची सुरुवात पावसाच्या तारखेला आणि शेवट प्रत्यक्ष काम पुन्हा सुरू झाल्याच्या तारखेला ठेवावा, आणि मधल्या प्रत्येक दिवसाचा, तारीख दिसेल असा भरावाचा एक फोटो साइट डायरीसोबत ठेवावा. पर्जन्यमापकाचा कागद दोन दिवस दाखवतो आणि वेळापत्रक सात दिवस मागते, तेव्हा उरलेल्या पाच दिवसांचे उत्तर या फोटोंतच असते.

ठेकेदाराचे स्वतःचे विलंब

तेही दाखवावेत. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, गळीत हंगाम संपेपर्यंत मजूर मिळणे अवघड होते, आणि मुकादमाला दिलेली उचल अडकून पडते. ही जोखीम करारानुसार ठेकेदाराची आहे. समजा, पहिल्या खांबाचे लोखंड बांधणारी टोळी २० ते २९ जानेवारी असे १० दिवस आली नाही, तर ती ओळ ठेकेदाराकडील संकेत लावून घालावी. पहिल्या खांबाकडे तेवढी सवड असेल तर परिणाम शून्य येईल, आणि नसेल तर जे येईल ते मान्य करावे. स्वतःचे दहा दिवस लपवणाऱ्या वेळापत्रकातील विभागाचे पस्तीस दिवसही कोणी गांभीर्याने घेत नाही, कारण साइट डायरी आणि हजेरीपट कार्यालयाकडेही असतात. विभागाचा आणि ठेकेदाराचा विलंब एकाच वेळी, एकाच शेवटच्या तारखेवर परिणाम करत असेल, तर मुदत वाढते पण त्या काळाचा वाढीव खर्च सहसा मिळत नाही, अशी या क्षेत्रातील सर्वसाधारण भूमिका आहे. तुमच्या करारात काही वेगळे लिहिलेले असेल तर तेच लागू.

सॉफ्टवेअरमध्ये तपासण्याच्या जागा

एमएस प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या किंवा शेवटच्या रकान्यात हाताने तारीख टाइप केली, की सॉफ्टवेअर न विचारता त्या कामावर ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ किंवा ‘फिनिश नो अर्लियर दॅन’ (या तारखेआधी सुरू किंवा पूर्ण नको) असे बंधन लावते. विलंब घातल्यावर काही कामे विचित्र वागू लागली, तर बंधनांचा रकाना उघडून पाहावा. बहुतेक वेळा तिथेच दोष सापडतो. शेवटचा टप्पा हलत नसेल, तर त्यावरील ‘मस्ट फिनिश ऑन’ (याच तारखेला संपले पाहिजे) हे बंधन काढावे आणि करारातील तारीख ‘डेडलाइन’ म्हणून द्यावी, म्हणजे बाण दिसत राहतो पण गणनेला अडथळा होत नाही. प्रायमावेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच दोष ‘मँडेटरी फिनिश’ मुळे होतो.

बेसलाइन पुसली जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण एमएस प्रोजेक्टमध्ये अकरा बेसलाइन साठवता येतात. मूळ कार्यक्रम पहिल्या जागेवर कायमचा राहू द्यावा आणि मंजूर झालेला प्रत्येक सुधारित कार्यक्रम पुढच्या क्रमांकावर साठवावा. आणखी एक फसवी गोष्ट: बेसलाइननंतर घातलेल्या नव्या ओळींना बेसलाइनच नसल्यामुळे त्यांच्यासमोर तारखांचा फरक शून्य दिसतो. ‘जादा बाबीमुळे काहीच उशीर झालेला नाही, हे तुमचेच सॉफ्टवेअर सांगते’ असे उत्तर एका ठेकेदाराला याच शून्यामुळे मिळाले होते. फरक वाचायचा तो नव्या ओळीसमोर नव्हे, तर ती ज्या मूळ कामाला जोडली आहे त्याच्यासमोर आणि शेवटच्या टप्प्यासमोर.

प्रायमावेरात काम मध्येच थांबले असेल तर ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ तारखा देता येतात, परंतु एका कामाला एकदाच. नाल्यावर काम तीनदा थांबले असेल तर ही सोय पुरत नाही, आणि एकदाच थांबले असले तरी कारण तिथे लिहिले जात नाही. म्हणून स्वतंत्र ओळ हवीच. तसेच गणनेच्या पर्यायांत ‘रिटेन्ड लॉजिक’ (क्रम सोडून सुरू झालेले काम उरलेल्या भागासाठी आधीच्या कामाची वाट पाहते) आणि ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ (वाट पाहत नाही) यांपैकी काय निवडले आहे ते प्रत्येक प्रतीत एकसारखे आहे का ते पाहावे. क्रम सोडून झालेली कामे असतील तर या एका पर्यायाने शेवटची तारीख काही आठवडे इकडे-तिकडे होऊ शकते, आणि दोन महिन्यांच्या दोन प्रतींत पर्याय वेगळे असले, तर विलंब कामामुळे दिसतो की पर्यायामुळे हे सांगता येत नाही.

फाइल आधीच बिघडलेली असेल तर

बहुतेक लोक माझ्याकडे येतात ते याच टप्प्यावर. बार ताणलेले असतात, बेसलाइन पुसलेली असते आणि मुदत संपायला महिना उरलेला असतो. अशा वेळी त्या फाइलची डागडुजी करू नये. निविदेसोबत किंवा कार्यारंभ आदेशानंतर सादर केलेला पहिला बारचार्ट कार्यालयाच्या दप्तरातून मिळवावा, तो कागदावर असला तरी चालेल, आणि त्यावरून मूळ कार्यक्रम पुन्हा उभा करावा. त्यानंतर प्रत्यक्ष तारखा गोळा कराव्यात: काँक्रीटच्या तारखा घन चाचणी नोंदवहीतून, सिमेंट आवक-जावक नोंदवहीतून, खडी व मुरुमाच्या वाहतूक पासांवरून, आणि थांबलेल्या दिवसांच्या तारखा साइट ऑर्डर बुक व पत्रव्यवहारातून. मोजमाप पुस्तिकेतील दिनांक मात्र काम केल्याचा धरू नये. तो मोजमाप घेतल्याचा असतो, आणि दोन्हींत कधी कधी महिन्याचे अंतर पडते.

या तारखा महिन्यामहिन्याने भरत जाव्यात, प्रत्येक महिन्याची प्रत वेगळी ठेवावी, आणि बदल व अडथळे त्यांच्या त्यांच्या महिन्यात वर सांगितल्याप्रमाणे ओळी म्हणून घालावेत. वर्षभराच्या लहान पुलासाठी याला चार-पाच दिवस बसून काम करावे लागते. जिथे तारखेचा कोणताही आधार सापडत नाही, तिथे अंदाज घालून तो ‘अंदाज’ असाच लिहावा, आणि प्रस्तावासोबत शाखा अभियंत्यांना ती ओळ बोटाने दाखवून त्यांच्या दैनंदिनीशी ताडून घ्यावी. अर्ध्याहून अधिक वेळा नेमकी तारीख त्यांच्या दैनंदिनीत निघते.

प्रस्ताव देताना छापील प्रतीसोबत मूळ फाइलही द्यावी, कारण लिंक आणि फ्लोट कागदावर तपासता येत नाहीत. आणि पहिल्या पानावर एकच तक्ता असावा: बदलाचा क्रमांक, पत्राचा दिनांक, थांबलेले दिवस, उपलब्ध सवड, शेवटच्या तारखेवरील परिणाम, आणि कोणत्या कलमाखाली मागणी. आपल्या पुलासाठी त्या तक्त्यात तीनच ओळी येतील, आणि तिसऱ्या ओळीत, विजेच्या खांबासमोर, परिणामाच्या रकान्यात शून्य असेल.